लिलावालाही शटर हवं: घरून लॉट विकणाऱ्या नवख्यांसाठी

ठाण्यातल्या जांभळी नाक्यावरचा दुकानदार रात्री शटर ओढतो, कुलूप घालतो, ते एकदा हलवून बघतो आणि घरी जातो. फेसबुक-व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर किंवा ईबे या ऑनलाइन बाजारावर जुनी नाणी, पोस्टाची तिकिटं, काडेपेटीचे छाप, हॉट व्हील्सच्या खेळण्यातल्या गाड्या, मनगटी घड्याळं असे लॉट, म्हणजे एका बोलीत एकत्र जाणारा माल, लिलावाने विकणाऱ्याला शटरच नसतं. दुकान खिशात असतं आणि रात्री उशाशी. ठाण्यात किंवा नवी मुंबईत नोकरी करून हे काम जोडीला करणारे पुष्कळ आहेत. दिवसभर ऐरोलीत किंवा वागळे इस्टेटमध्ये कामाला, संध्याकाळी लोकलमध्ये उभ्याने बोल्या बघायच्या, रात्री जेवणाच्या टेबलावर पाकिटं भरायची. सहा महिने उत्साहाने जातात. मग एक दिवस फोन वाजला की पोटात गोळा येतो.

काम जास्त आहे म्हणून माणूस मोडतो असं सहसा होत नाही. काम कधी संपतच नाही, म्हणून मोडतो. पुढे सांगितलेलं सगळं हे शटर बसवण्यासाठी आहे. क्रमाने करा, एका आठवड्यात सगळं उरकायला जाऊ नका.

आधी खुणा ओळखा

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये आजारांच्या वर्गीकरणाच्या अकराव्या आवृत्तीत बर्नआउटची, म्हणजे कामाने पार थकून जाण्याची, व्याख्या दिली. त्यात त्याला आजार म्हटलेलं नाही, कामामुळे येणारी अवस्था म्हटलं आहे. खुणा तीन: अंगातली शक्ती संपल्यासारखं वाटणं, कामाबद्दल दुरावा किंवा कडवटपणा, आणि आपल्या हातून काही धड होत नाही ही भावना.

लिलाववाल्याच्या घरात हे असं दिसतं. पत्ता लिहिलेली पाकिटं चपलांच्या कपाटावर आठवडाभर पडून असतात, पोस्ट ऑफिस मात्र दहा मिनिटांवर असतं. "दादा, वजन किती आहे?" एवढ्या साध्या प्रश्नाने डोकं तापतं. तिसरी खूण सगळ्यात फसवी, कारण ती कामासारखीच दिसते: खरेदी जोरात आणि विक्री बंद. नवा माल घेताना हुरूप येतो, फोटो काढायची वेळ आली की हात उचलत नाही. दिवाणाखालचे खोके वाढत जातात.

एक सावधगिरी. सततचा थकवा रक्त कमी असल्याने, थायरॉइडने, बी-१२ कमी पडल्याने, साखरेनेही येतो. लिलाव थांबवून पंधरा दिवस झाले आणि तरी बरं वाटत नसेल, तर डॉक्टरांकडे जाऊन रक्त तपासून घ्या.

पहिली पायरी: एक आठवडा मोजा

फ्रिजवर एक कागद लावा आणि फोनच्या स्टॉपवॉचने प्रत्येक काम मोजा. अंदाज लिहू नका. अंदाजात फोटो आणि पॅकिंग येतं, पण बोली बघत बसणं, पैशासाठी मेसेज करणं आणि "पार्सल कुठे पोचलं?" ला उत्तर देणं यातलं काहीच येत नाही.

नमुना म्हणून ₹१२० ला गेलेला एका नाण्याचा लॉट घ्या. खरेदी ₹४०, होल्डर (नाणं ठेवायची पुठ्ठ्याची चौकट), पाकीट, टेप मिळून ₹१२, पोस्टाचा खर्च गिऱ्हाइकाचा. हातात राहिले ₹६८. वेळ: फोटो ६ मिनिटं, वर्णन ४, बोली बघणं ८, पैशाचा पाठपुरावा ५, पॅकिंग ७, पोस्टाची फेरी वाटून ५, नंतरचे प्रश्न ५. एकूण ४० मिनिटं. म्हणजे तासाला ₹१०२. असे आठवड्याला १५ लॉट केले तर दहा तास जातात, आणि तेही नोकरीनंतरचे.

आता तशीच पाच नाणी एका लॉटमध्ये घाला. समजा लॉट ₹५०० ला गेला. खरेदी ₹२००, सामान ₹१५, हातात ₹२८५. फोटोला दोन मिनिटं जास्त, वर्णनाला दोन, पॅकिंगला एक, बाकी वेळ तेवढाच. ४५ मिनिटांत ₹२८५, म्हणजे तासाला ₹३८०. गिऱ्हाईक एक, पत्ता एक, पाठपुरावाही एकदाच. पाच नाण्यांची बोली सुट्या नाण्यांच्या बेरजेपेक्षा थोडी कमी येते, येऊ द्या. तरीही फायद्यात राहता.

आठवडा संपला की तासाला सगळ्यात कमी देणारा मालाचा प्रकार बंद करा. बहुतेक वेळा तो ₹१५० च्या आतला सुटा माल असतो. "बोली १ रुपयापासून" हा प्रकार ग्रुपमध्ये टाळ्या मिळवून देतो, पण दोनच बोलीदार आले तर माल पाण्यात जातो आणि त्याचा राग आठवडाभर पुरतो. सुरुवातीची बोली खरेदी अधिक सामान अधिक निदान ₹५० अशी ठेवा.

दुसरी पायरी: बंद व्हायची वेळ ठरवा

ग्रुपवरचा लिलाव ईबेपेक्षा जास्त दमवतो. ईबेवर बोली यंत्र घेतं. ग्रुपवर तुम्हीच यंत्र असता: कोण किती बोललं, कोणी आधी बोललं, कोणी बोली खोडली, सगळं डोळ्यात तेल घालून बघावं लागतं. म्हणून तिथे नियम कडक हवेत.

लिलाव आठवड्यातून दोनदाच, ठरलेल्या वारी. संपायची वेळ रात्री ९, अकरा नको. शेवटच्या क्षणी बोली टाकून पळणाऱ्यांसाठी बहुतेक ग्रुपमध्ये वेळ वाढवायचा नियम असतो, आणि झोप तोच नियम खातो. वाढीला शेवट नसेल तर दोन हट्टी बोलीदार ₹१०-१० ने चढत तुम्हाला साडेबारापर्यंत बसवतात. मर्यादा घाला: शेवटच्या ३ मिनिटांत बोली आली तर ३ मिनिटं वाढ, पण साडेनऊला जी बोली असेल ती अंतिम. बोलीची किमान वाढही ठरवा. ₹५०० पर्यंत ₹२०, त्यावर ₹५०. वाढ मोठी असली की लिलाव लवकर आटपतो.

ईबेवर वेगळी गंमत आहे. भारतातलं ईबे २०१८ मध्ये बंद झालं, त्यामुळे आता तिथे विकणं म्हणजे बाहेरदेशी पाठवणं. सात दिवसांचा लिलाव ज्या मिनिटाला सुरू होतो त्याच मिनिटाला सात दिवसांनी संपतो. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर रविवारी संध्याकाळी ६ ला संपवायचा असेल तर आपल्याकडे ते सोमवारी सकाळी साडेसहा होतात, आणि तिकडच्या हिवाळ्यात साडेसात. मार्चच्या दुसऱ्या आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी त्यांची घड्याळं सरकतात, तेव्हा हिशेब पुन्हा करा. लिलाव सुरू करायला पहाटे उठू नका, आधीच वेळ लावून ठेवता येते. संपताना जागे राहायचीही गरज नाही. तुम्ही बघत बसल्याने बोली एक रुपयानेही वाढत नाही. बघत राहावंसं वाटतं याचं कारण वेगळं आहे: चढत्या बोलीची चटक विकणाऱ्यालाही लागते. ती नफ्याची चटक नसते, पत्त्यांच्या डावासारखी असते. संपायच्या वेळी फोन दुसऱ्या खोलीत ठेवून पाहा, पहिले दोन आठवडे जड जातं.

तिसरी पायरी: पाटी लावा

लिलावाच्या प्रत्येक पोस्टखाली एकच मजकूर टाका. कमी-जास्त करून हा वापरा:

"लिलाव आज रात्री ९ ला बंद, वाढीसह जास्तीत जास्त ९:३०. पैसे ४८ तासांत. पार्सल सोमवारी आणि गुरुवारीच निघतं. एकापेक्षा जास्त लॉट एकाच पार्सलमध्ये क्लब करायचे असतील तर १५ दिवस माल सांभाळू, पैसे मात्र लगेच. पार्सल उघडतानाचा व्हिडिओ नसेल तर तक्रार घेता येणार नाही. मेसेजना उत्तर रोज संध्याकाळी ७ ते ८."

शेवटचं वाक्य सगळ्यात महत्त्वाचं, आणि नवखे नेमकं तेच गाळतात, गिऱ्हाईक तुटेल या भीतीने. चांगलं गिऱ्हाईक वेळेमुळे तुटत नाही. ते तुटतं ते "आज पाठवतो" म्हणून न पाठवल्याने.

यासाठी वेगळा नंबर आणि व्हॉट्सॲप बिझनेस घ्या. त्यात कामाच्या वेळा घालून बाकी वेळी आपोआप उत्तर जाईल असं करता येतं. तयार उत्तरं साठवून तिरकी रेघ टाइप केली की समोर येतात. "पोस्टाचा खर्च", "पैसे मिळाले", "पार्सल निघालं" ही तीन आधी बनवा. लेबलंही तीनच ठेवा: पैसे बाकी, पाठवायचं, निघालं. चौथं लेबल बनवलंत की कोणीच ते पाळत नाही, तुम्हीसुद्धा नाही.

पैसे न देणारे

"सर उद्या करतो" हे वाक्य या धंद्यात रोजचं आहे. विक्रेता दमतो तो त्या रकमेमुळे कमी आणि चार-पाच वेळा आठवण करून देण्याने जास्त. म्हणून आठवण दोनदाच: २४ तासांनी एक, ४८ तासांनी दुसरी. त्यानंतर लॉट दुसऱ्या बोलीदाराला, त्याच्या स्वतःच्या शेवटच्या बोलीला. जिंकलेल्याच्या रकमेला मागू नका. पळालेला माणूस भाव चढवायलाच आलेला असू शकतो आणि ती फुगवलेली रक्कम दुसऱ्याच्या माथी मारली तर तोही जातो. पळालेल्याचं नाव ॲडमिनला कळवा आणि विषय सोडा. ग्रुपवर भांडण काढलंत तर लिलावापेक्षा भांडणाला जास्त वेळ जाईल.

ईबेवर चार दिवसांत पैसे आले नाहीत तर व्यवहार रद्द करता येतो आणि खालच्या बोलीदाराला दुसरी संधी देता येते. पाचव्या दिवशी रद्द करा, हळहळत बसू नका.

यूपीआयच्या स्क्रीनशॉटवर पार्सल काढू नका, बँकेच्या ॲपमध्ये जमा दिसली की काढा. फसवणूक झालीच तर सायबर गुन्ह्यांसाठीच्या १९३० या सरकारी नंबरवर लगेच कळवा. रिझर्व्ह बँकेच्या नावाने "जुन्या नोटा विकून देतो, आधी कमिशन भरा" म्हणणारे असतात. अशा व्यवहारांशी आपला संबंध नाही, असं बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये जाहीर केलं आहे.

पॅकिंग: इथे घाई नडते

पाकिटांची अदलाबदल ही या कामातली सगळ्यात महाग चूक. दोन पाकिटं एकमेकांच्या पत्त्यावर गेली की दोन्ही परत येणार आणि दोन्ही पुन्हा जाणार, म्हणजे चार टपाल खर्च, दोन नाराज गिऱ्हाइकं आणि एक पूर्ण वाया गेलेला रविवार. ही चूक जवळजवळ नेहमी लिलाव संपल्यावर त्याच रात्री पॅकिंगला बसल्याने होते. तेव्हा डोकं बोलीत असतं. पॅकिंग दुसऱ्या दिवशी, एका बैठकीत, सगळी एकदम.

बैठक अशी. आधी सगळ्या पाकिटांवर पत्ते लिहून ती ओळीने मांडा. मग प्रत्येकावर त्याचा लॉट ठेवा. मग फोनमध्ये लिलावाचा फोटो उघडून एकेक ताडून बघा. तोवर टेपला हात लावायचा नाही. बंद करायचं काम सगळ्यात शेवटी, एका दमात.

एका नाण्याचं पाकीट जवळून बघू. नाणं २ बाय २ इंचांच्या पुठ्ठ्याच्या होल्डरमध्ये, तीन बाजूंनी स्टेपलरच्या पिना. त्या पिना पकडीने चेपून सपाट करा, वर आलेलं टोक शेजारच्या नाण्यावर ओरखडा पाडतं. मऊ, वास मारणाऱ्या पीव्हीसीच्या पाकिटात नाणं ठेवू नका, कालांतराने त्यावर हिरवट चिकट थर धरतो. होल्डर मास्किंग टेपने पुठ्ठ्याच्या तुकड्यावर चिकटवा, वर दुसरा तुकडा ठेवा. दोन्ही तुकडे जुन्या खोक्याचेच चालतात, पण एकाच्या आतल्या नळ्या उभ्या आणि दुसऱ्याच्या आडव्या येतील असे कापा, म्हणजे पाकीट कुठल्याच बाजूने सहज वाकत नाही. चारही कडा टेपने बंद करा आणि टेपचं शेवटचं टोक अर्धा इंच आत दुमडा. ते टोक धरून गिऱ्हाईक हाताने पाकीट उघडतं. टोक नसेल तर सुरी घेतं, होल्डर कापतं आणि "माल खराब आला" म्हणून तुम्हाला मेसेज करतं.

जून ते सप्टेंबर पुठ्ठ्याच्या आधी झिपची पिशवी लागतेच. पत्ता बॉलपेनने लिहा, जेलची शाई पहिल्या सरीत पसरते. थर्मल प्रिंटरचं लेबल असेल तर त्यावर चिकटपट्टी मारू नका. काही टेपच्या गोंदाने छपाई फिकी पडते आणि चकाकीमुळे बारकोड वाचला जात नाही. घरातला कागदी माल, म्हणजे तिकिटं, पोस्टकार्डं, जुनी मासिकं, सिलिका जेलच्या पुड्या घालून बंद डब्यात ठेवा. खाडीजवळच्या घरात उघड्या कपाटावर ठेवलात तर एका पावसाळ्यात बुरशी धरेल, आणि बुरशीचा माल परत येण्याइतकं मन खचवणारं दुसरं काही नाही.

महिन्याला ६० पाकिटं जात असतील तर एकदाच आणा: ७० पाकिटं, दोन इंची टेपचे ६५ मीटरचे दोन रोल (एका पाकिटाला साधारण मीटरभर लागते, दुसरा रोल हाताशी), १०० होल्डर. पुठ्ठा रद्दीवाल्याकडून. सामान संपलं म्हणून ऐन वेळी बाजारात धावणं हाही त्रासाचा मोठा भाग असतो.

आणि जमिनीवर बसून, पाठ वाकवून पॅकिंग करू नका. स्वयंपाकघरातला ओटा साधारण ३२ ते ३४ इंच उंच असतो, उभ्याने पॅकिंग करायला बरोबर. घरच्यांची परवानगी काढा, वेळ ठरवा आणि ओटा पुसून परत द्या.

पोस्ट

आठवड्यात दोनच फेऱ्या, जाता-येता. नौपाड्यात राहून वाशीला कामाला जात असाल तर दोन्हीकडची पोस्ट ऑफिसं बघून ठेवा आणि कमी रांगेचं धरा. महिन्याच्या पहिल्या आठवड्यात पेन्शन आणि बचत खात्यांची गर्दी असते. रजिस्टर्ड पोस्ट २०२५ मध्ये स्पीड पोस्टात विलीन झालं, तेव्हा जुने दर पाठ असतील तर विसरा आणि "पोस्टाचा खर्च" या तयार उत्तरातला आकडा बदला. पावत्यांचा फोटो पोस्टातून बाहेर पडतानाच काढा आणि ट्रॅकिंग नंबर लगेच सगळ्यांना पाठवा. "पार्सल कुठे?" हा प्रश्न त्याने निम्मा होतो.

माल आणि कायदा, थोडक्यात

खरेदीला एकच लगाम: दोन आठवड्यांत जेवढे लॉट टाकता त्याहून जास्त माल फोटोविना पडला असेल तर खरेदी बंद. वन बीएचकेत हा लगाम घरातली भांडणंही वाचवतो.

कायद्याची धास्ती मनात ठेवून विकू नका, एकदा नीट समजून घ्या. १९७२ च्या पुरावशेष कायद्यानुसार शंभर वर्षं पूर्ण झालेली नाणी, मूर्ती, चित्रं पुरावशेष ठरतात, हस्तलिखितांना ही मर्यादा ७५ वर्षं. त्यांचा व्यापार करायला परवाना लागतो आणि खासगी माणसाला ती परदेशी पाठवता येत नाहीत. म्हणजे १९२० चं नाणं ईबेवर टाकायचं नाही, पाकीट कितीही छान बांधलं तरी. हस्तिदंताच्या वस्तूंना हातही लावू नका. परराज्यात माल विकताना उलाढाल लहान असली तरी जीएसटी नोंदणीचा प्रश्न येतो. सीएकडे एक तास बसा आणि तो कायमचा मिटवा.

सुट्टी

गणपतीला कोकणात जाणार असाल तर लिलाव निघायच्या आठ दिवस आधी बंद करा. पैशाला दोन दिवस, पॅकिंगला एक, पोस्टाला एक, उरलेले दिवस उशिरा पैसे देणाऱ्यांसाठी. आदल्या रात्री लिलाव ठेवणारे गावी आरती चालू असताना ट्रॅकिंग नंबर शोधत असतात. ईबेवर सुट्टीची सोय ठरावीक किमतीचा माल झाकते, चालू लिलाव तसेच चालू राहतात. तेव्हा ते आधी संपू द्या.

आधीच कोसळला असाल तर

नवे लिलाव आजपासून बंद. वहीत तीन रकाने आखा: पैसे आलेत पण माल गेला नाही, तक्रार आहे, पैसे आलेले नाहीत. तिसरा रकाना सरळ रद्द करा. पहिल्यातल्या सगळ्यांना एकच मेसेज: "नमस्कार, माझ्याकडून उशीर झाला आहे. तुमचं पार्सल शनिवारपर्यंत निघेल. थांबायचं नसेल तर पैसे आजच परत करतो." कारणं लिहू नका. तब्येतीचा पाढा वाचला की उलट प्रश्न येतात आणि त्यांची उत्तरं देण्याइतकी ताकद आत्ता नसते. रोज पाचच पाकिटं करा, सहावं नाही. तक्रारींमध्ये ₹३०० च्या आतली असेल तर वाद न घालता पैसे परत करा, तुमचा तास त्याहून महाग आहे.

झोप उडालेली असेल, दोन आठवडे मन उदास असेल, कशातच रस वाटत नसेल तर विषय धंद्यापुरता राहिलेला नाही. मानसिक आरोग्याच्या मदतीसाठी टेलि-मानसचा १४४१६ हा सरकारी नंबर चोवीस तास चालतो, मोफत आहे, मराठीत बोलता येतं. ठाण्यात आयपीएच ही मानसिक आरोग्यासाठी काम करणारी संस्था आहे, प्रादेशिक मनोरुग्णालयही आहे. जगणं नकोसं वाटण्याचे विचार आले तर त्याच क्षणी घरच्यांना सांगा आणि फोन करा, वही नंतर.

पहिला रकाना रिकामा झाल्यावर निदान पंधरा दिवस काही विकू नका. परत सुरू कराल तेव्हा एकच वार, पाच लॉट आणि रात्री ९. सहाव्या लॉटचा फोटो काढलेला असला तरी तो पुढच्या आठवड्याला.